चिठ्ठी नसलेले पातळ

यंदा उन्हाळ्यात मुलगी अमरावतीहून आठ दिवसांसाठी आली, ती माझे घर रिकामे करायचे ठरवूनच. मी कारंज्याला एकटा राहतो. बायको जाऊन चार वर्षे झाली. एस.टी.त आधी कंडक्टर, मग स्टँडवर वाहतूक नियंत्रक, अशी नोकरी केली. तीही संपून बराच काळ झाला. घर तीन खोल्यांचे. त्यात माणूस एक आणि गाद्या अकरा, हे मुलीने पहिल्याच दिवशी मोजून दाखवले.

"बाबा, अकरा गाद्या कोनासाठी?"

"पाव्हणे येतात."

"कवा आले होते?"

मला आठवेना. तिने नऊ गाद्या पिंजाऱ्याकडे धाडल्या आणि त्यांतल्या चांगल्या कापसाच्या दोन जाड गाद्या करून आणल्या. उरलेला कापूस त्यालाच देऊन टाकला. त्या नव्या गादीवर मी झोपलो तेव्हा पाठ प्रथमच सरळ राहिली, असे वाटले. तोवर मी एकावर एक तीन चपट्या गाद्या टाकून झोपत होतो.

तिची पद्धत साधी होती. एका जातीच्या सगळ्या वस्तू एका जागी आणायच्या, त्यांतली सगळ्यात चांगली ठेवायची, बाकीच्या बाहेर. ताटे काढली तर चाळीसच्या वर निघाली. प्रत्येकावर टोच्याने नाव घातलेले: कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुपूजनात, कुणाच्या तेरवीत मिळालेले. सगळी पत्र्यासारखी हलकी. गरम वरण वाढले की खालून बोटाला चटका बसायचा. मुलीने त्यांतून चार जड ताटे निवडली. तांब्या एक, कढई एक, ती माझ्या आईची बिडाची. फडताळात भिंत दिसू लागली. मला वाटले होते की वाईट वाटेल. तसे काही झाले नाही. इतकी वर्षे या वस्तू आमच्याकडे होत्या, पण त्यांतली एकही आम्ही दुकानात जाऊन हातात घेऊन पसंत केलेली नव्हती. आली म्हणून ठेवली, एवढेच.

तिसऱ्या दिवशी तिने दिवाणाखालची लोखंडी पेटी ओढली.

ही आहेराची पेटी. आमच्या भागात प्रत्येक घरी अशी एखादी असते. लग्नकार्यात मिळालेली पातळे, ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या, शर्टाचे कापड त्यात जाते आणि दुसऱ्याच्या कार्याला त्यातूनच काढून दिले जाते. कापडाच्या दुकानातही या मालाचा ढीग वेगळा असतो. गिऱ्हाईकाने साडी दाखवा म्हटले की दुकानदार आधी विचारतो, "नेसाची पायजे का देन्याघेन्याची?" देण्याघेण्याची साडी कोणी नेसत नाही. ती या पेटीतून त्या पेटीत फिरत राहते.

यात एकच धोका असतो. ज्याने दिले त्यालाच ते परत जाता कामा नये. तसे झाले तर तो अपमान समजतात, आणि तो वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. म्हणून माझ्या बायकोने एक रीत पाडली होती. आलेल्या प्रत्येक कापडाला ती टाचणीने चिठ्ठी लावायची. मी ऑफिसातून बाद झालेले छापील कागद आणायचो, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती लिहायची. चौथी शिकलेली होती, अक्षर ठसठशीत. 'धनजची मावशी, पोराच्या लग्नात.' 'शेजारीन, बारशाले.' 'तुमचा मावसभाऊ, घरभरनी.' 'तुमचा' म्हणजे माझा. कापड काढायच्या आधी ती चिठ्ठी वाचायची, कुणाच्या घरी जायचे आहे ते विचारात घ्यायची, मग टाचणी काढायची.

मुलगी एकेक चिठ्ठी वाचून हसत होती. शंभराच्या आसपास कापडे निघाली. घडीवर पिवळे डाग पडलेले, काही घडीवरच फाटलेले. मग ती चिठ्ठ्यांची चळत हातात धरून म्हणाली, "एवढी हुशार बाई. एवढं लिहून ठेवत होती. अन् आत्याले मात्र आत्यानंच देलेलं पातळ वापस देलं. भर मांडवात. चुकीनं देलं का मुद्दाम देलं, कोनाले ठाव."

मी उठून आंगणात गेलो. नळाखाली हात धुतले. हात मळलेले नव्हते.

मुलगी बोलली त्यात तिचा दोष नाही. आमच्या नात्यात ही गोष्ट सगळ्यांना याच रूपात माहीत आहे. ती खोटी आहे. ती मी सांगितलेली आहे. आता नीट लिहितो.

मला एकच बहीण, धाकटी. मंगरूळपीरच्या अलीकडे एका खेड्यात तिचे घर आहे. आम्ही कारंज्याला घर बांधले तेव्हा ती वास्तुपूजनाला, आमच्याकडच्या घरभरणीला, आली आणि माझ्या बायकोसाठी पातळ घेऊन आली. वांगी रंगाचे, हळदी काठाचे, हाताला जड. पाहताच कळत होते की ते देण्याघेण्याच्या ढिगातले नाही. बहीण म्हणाली, "वहिनी, हे पेटीत नका टाकू. हे नेसाचं हाय." दोघीही हसल्या. मी तिथेच होतो, पण माझे लक्ष मंडपवाल्याकडे होते. रंगही मी नीट पाहिला नाही.

बायकोने ते स्वच्छ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवले. त्याला चिठ्ठी लावली नाही. चिठ्ठी द्यायच्या कापडाला असते. हे तिने स्वतःसाठी ठेवले होते. आमच्या मुलीच्या लग्नात नेसायचे म्हणून.

पुढे तीन-चार वर्षांनी बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. मामाचा आहेर त्या लग्नात महत्त्वाचा. मांडवात सगळ्यांसमोर भावाने बहिणीच्या खांद्यावर लुगडे घालायचे असते. नेमक्या त्याच आठवड्यात माझी सासू आजारी पडली आणि बायकोला अकोल्याला दवाखान्यात जाऊन राहावे लागले. नणंदेला ती 'बाई' म्हणायची. निघताना म्हणाली होती, "बाईसाठी बजारातून चांगलं पातळ घ्या. पेटीतलं देऊ नका. तिनं आपल्याले कसं देलं होतं, ध्यानात ठेवा." मी हो म्हणालो.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझी ड्युटी दुपारी दोनला सुटली. कापडाचे दुकान स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. वेळ होता. पण घरात पेटीभर कापड असताना बाजारात कशाला जायचे, असे मला वाटले. एवढ्या ढिगात एखादे चांगले असेलच. मी पेटी उघडली. वरची सगळी चिठ्ठ्यांची. चिठ्ठी म्हणजे कोणीतरी दिलेले, एवढे मला ठाऊक होते. शोधत तळाशी गेलो तेव्हा पांढऱ्या फडक्यातले पातळ हाती लागले. चिठ्ठी नाही. म्हणजे हे कोणाकडून आलेले नाही, हे आपणच विकत घेतलेले, असा हिशेब मी मांडला. बायकोने या लग्नासाठीच आधी आणून ठेवले असेल, असेही वाटले. मला हायसे वाटले. फडके काढले, पातळ पिशवीत घातले.

इथवरची चूक मी माफ करू शकतो. पुढची नाही.

मांडवात मी बहिणीच्या खांद्यावर पातळ घातले. बहिणीने काठ हातात घेऊन पाहिला आणि तिचे हात थांबले. तिच्या बाजूला तिची मोठी नणंद उभी होती. त्या बाईचा त्या घरात दरारा होता. तिने पदर उलगडून बोटात धरला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाली, "कायवं, हे तं तूच नेलतं ना भावाच्या घरभरनीले? माह्यासमोर तं घेतलं होतं. वापस आनलं का त्यायनं? वा रे मामाचा आहेर!"

बायका हसल्या. पुरुषांतून कोणीतरी म्हणाले, "एस.टी.वाले हायेत ते, वापसीचं तिकीट देल्लं."

बहीण माझ्याकडे पाहत होती. मी काहीतरी सांगावे अशी ती वाट पाहत होती. मी म्हणालो, "मले काय ठाव बाई. घरच्या बाईनं काढून ठेवलं होतं, म्या फक्त आनलं."

एवढेच बोललो. चुकून घेतले, बायको घरी नाही, मीच पेटी उघडली, हे सांगायला याहून जास्त वेळ लागला नसता.

"मोठ्या घराच्या सुना अशाच असतात," नणंद म्हणाली आणि बँड सुरू झाला.

बहिणीने ते पातळ त्याच दिवशी भांडी घासणाऱ्या बाईला देऊन टाकले. त्यानंतर वहिनी जाईपर्यंत ती माझ्या घरी आली नाही. राखीला मंगरूळच्या गाडीने यायची, स्टँडवर माझ्या टेबलापाशीच राखी बांधायची आणि परतीच्या गाडीने जायची. मी घरी चल म्हणायचो. ती म्हणायची, "वहिनीले काहून तरास." टेबलावर नोंदवही बाजूला सारून मी हात पुढे करायचो. माझे सहकारी चहा मागवायचे. असे दरवर्षी; नोकरी संपल्यावरही राखीला मी स्टँडवरच जाऊन थांबायचो.

बायको अकोल्याहून आली तेव्हा तिने पेटी आवरायला घेतली आणि रिकामे फडके तिच्या हाती आले. मी सांगितले. ती खाली बसली. "ते तं बाईचंच होतं," एवढेच म्हणाली. मांडवातले माझे वाक्य तिला महिन्याभराने दुसऱ्या कोणाकडून कळले. मी जेवत असताना तिने विचारले, "तुमी माहं नाव घेतलं काय?"

"बायकायच्या गोष्टी त्या. इसरतील चार दिवसांत."

तिने पोळी वाढली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी सांगाले गेली, तं तुमी खोटे पडता." नंतर हा विषय तिने काढला नाही. चिठ्ठ्या लावणे चालू ठेवले. मुलीच्या लग्नात ती एक जुनेच पातळ नेसली, आणि लोकांना वाटले की ही बाई चिक्कू आहे.

चार वर्षांपूर्वी ती गेली. सवाष्ण गेली, म्हणून नात्यातल्या बायकांनी आपापल्या घरून पातळे आणून तिच्या अंगावर घातली, तशी रीत आहे. माझी बहीणही आली. तिने पिशवीतून पातळ काढले, अंगावर टाकले आणि मागे सरून उभी राहिली. मी ते पाहिले. गुलाबी, हलक्या धाग्याचे, खळ लावलेले. देण्याघेण्याचे. बहिणीला त्यातला फरक कळत नव्हता असे नाही. तेव्हाही मी बोललो नाही. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते आणि मी रडत होतो. त्या रडण्याला सगळ्यांनी जो अर्थ दिला तो मी राहू दिला.

हे सगळे मी त्या दुपारी आंगणातून परत येऊन मुलीला सांगितले. ती पेटीसमोर मांडी घालून बसलेली होती. ऐकून झाल्यावर तिने हातातल्या चिठ्ठ्या नीट एकावर एक लावल्या.

"आत्याले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले सांगून काय होते? आईचं नाव मी थोडंच खराब केलं. बरं, केलं, आत्ताच केलं." तिने चिठ्ठ्यांना टाचणी लावली. "पेटी मी पाहतो. तुमी उद्या मंगरूळची गाडी धरा."

"हाती काही न्या लागन."

"काही नेऊ नका. खाली हात जा."

पेटीचे तिने काय केले ते मला नंतर कळले. धड राहिलेले कापड शाळेजवळच्या शिवणकामाच्या वर्गाला दिले, डागाळलेल्याची पायपुसणी केली. एकही कापड आहेर म्हणून पुढे सरकवले नाही. शिवाय गल्लीत सांगून आली की आमच्या घरून आता आहेर मिळणार नाही आणि आम्हाला कोणी देऊही नये. शेजारीण म्हणाली, "असं कसं चालन वो?" मुलगी म्हणाली, "जेवाले या. तेवढं चालन."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पिशवी नसली की हात कुठे ठेवावे ते कळत नाही. फाट्यावर उतरून एक मैल चाललो. बहीण ओसरीत सुपात तूर घोळत बसली होती. तिचे वय आता सत्तरीला टेकले आहे. मला पाहून तिला काळजी वाटली.

"दादा? काय झालं? राखी तं लांब हाय."

"काही नाही झालं. सांगाले आलो."

मी उभ्या-उभ्या सांगितले. पेटी, फडके, चिठ्ठी नसणे, अकोला, आणि मांडवात मी जे म्हणालो ते. ती सूप हलवत राहिली. खडे एका बाजूला जात होते. माझे संपल्यावर तिने विचारले, "तवा काहून नाही बोलला?"

"भेलो."

"कोनाले?"

"तुह्या नणंदेले. लोकायले."

"तिले तं सगळेच भेत होते. मी रोज भेत होती." तिने सूप खाली ठेवले. "घरात तिच्या हाताखाली राहून बी मी तोंड उघडत होती. तू एक दिवसाचा पाव्हणा."

तिने सुपातले खडे वेचून आंगणात टाकले.

"वहिनी गेली तवा म्या तिच्या आंगावर कोनतं पातळ टाकलं, तुले मालूम हाय?"

"हाय. पायलं होतं."

"पायलं होतं." तिने ते शब्द पुन्हा म्हटले. "म्या मुद्दाम दुकानात सांगून आनलं होतं, सगळ्यात हलकं दाखव म्हनून. दुकानदार मले दोनदा इचारत होता, काकू, नेसाचं का देन्याचं? अन् तू पायलं. अन् तवाई नाही बोलला. एक शबुद बोलला असता, तं मी ते आंगावरून उचललं असतं दादा. माह्या आंगावरचं फेडून घातलं असतं."

सून दारात आली होती, ती आत गेली. बहिणीने पदराने तोंड पुसले. ती रडत नव्हती. मला वाटले की आता ती मला जायला सांगेल, आणि मी जाण्यासाठी वळलोही.

"कुठं चालला?"

"जातो."

"मले एकटीले सांगून मोकळा झाला का? त्या मांडवात शंभर मानसं होती. वहिनीले नाव ठेवाची सुरवात ज्या तोंडानं केली, थे तोंड अजून जित्तं हाय. चाल."

तिने पायात चपला घातल्या आणि माझ्या पुढे चालू लागली. नणंद तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली; तेव्हा बहिणीच्याच घरात होती, आता चार घरे पलीकडे मोठ्या भावाच्या वाड्यात राहते. आम्ही गेलो तेव्हा ती बाजेवर पाय लांब करून बसली होती. नव्वदीची असेल. अंगाने एवढीशी झालेली. दोन सुना आणि शेजारच्या बायका शेवया करत होत्या.

बहीण मला म्हणाली, "सांग."

मी सांगितले, थोडक्यात. बाईने कानाला हात लावला.

"काय म्हन्ते थो?"

बहीण तिच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "माह्या वहिनीची चूक नोती म्हन्ते! पातळ यानं देल्लं होतं! वहिनी घरी बी नोती!"

शेवया करणाऱ्या बायकांचे हात थांबले.

म्हातारीने बराच विचार केला. "कोनतं पातळ?"

ती विसरली होती. जिच्या तोंडाच्या भीतीने मी इतकी वर्षे गप्प राहिलो, तिला त्यातले काही आठवत नव्हते. मला परत जावेसे वाटले. आता कशाला, असे मी बहिणीला म्हटलेही.

"तिले याद नाही, तं नसन. यायले हाय," बहीण बायकांकडे हात करून म्हणाली. "पाय त्यायच्याकडे. सगळ्यायले हाय."

तसेच होते. कोणी मान खाली घातली होती, कोणी माझ्याकडे पाहत होते. मग बहीण बाजेच्या कडेवर बसली आणि म्हातारीला पहिल्यापासून सांगू लागली: माझ्या घरभरणीपासून, ते पातळ तिने कसे पसंत केले होते, काठ कसा होता, वहिनीने ते फडक्यात बांधून कसे ठेवले होते. "एवढ्या भरल्या पेटीत बाईनं सोतासाठी तेवढं एकच ठेवलं होतं," ती म्हणाली. हे मी तिला सांगितले नव्हते. तिने ते स्वतःच जुळवले. बोलताना ती दर वाक्याला 'माही वहिनी' म्हणत होती. मी उभाच होतो. बस म्हणून कोणी म्हटले नाही.

म्हातारी नीट ऐकत होती. संपल्यावर तिने माझ्याकडे बोट केले.

"मंग हा काहून चूप बसला?"

बहीण उठून बाजूला झाली. "सांग आता," ती म्हणाली, "मोठ्यानं सांग, तिले आयकू नाही येत."

मी बाजेजवळ गेलो आणि मोठ्याने सांगितले, "तुमाले भेलो म्हनून." म्हातारीला दोनदा ऐकू आले नाही. तिसऱ्यांदा सांगितले.